‘जी-एच’ बोलत नाही, तर लिहायचं काहून?

प्रश्न दर्यापूर तालुक्यातल्या एका आईचा आहे. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला. सरांनी जी-एच ही अक्षरं असलेले चाळीस इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ करायला दिले. पोरगी रात्री घोकते आणि सकाळी अर्धे विसरते. तिचे बाबा म्हणतात, “जे बोलत नाही ते लिहायचं काहून?” आता काय करावं, असं त्या माउलीनं विचारलं आहे.

ताई, आधी तिच्या बाबांचं बोलणं घेतो, कारण खरा प्रश्न त्यांनीच विचारला आहे. चौतीस वर्षं मी इंग्रजी शिकवली. दर वर्षी एखादं तरी पोट्टं उभं राहून हेच विचारायचं. सुरुवातीला माझं उत्तर ठरलेलं असायचं, “इंग्रजी तशीच आहे, पाठ कर.” तो माझा आळशीपणा होता.

तुमच्या घरी शाळेला काय म्हणतात? “शाया.” डोळ्याला डोया, केळीला केयी, पाण्याला पानी. पण पोरगी वहीत लिहिताना ‘शाळा’च लिहिते आणि त्यात तिला कधी जड गेलं नाही. बोलायचं एक आणि लिहायचं एक, हे वऱ्हाडातल्या लेकराला पहिलीपासून येतं. बरं, हे फक्त आपल्या गावाकडचं आहे असंही नाही. पुण्याचा माणूससुद्धा ‘ज्ञान’ लिहिताना ज आणि ञ जोडतो आणि तोंडानं ‘द्न्यान’ म्हणतो. हिंदीवाला तेच अक्षर ‘ग्यान’ वाचतो. अक्षर जुन्या उच्चाराचं राहिलं, तोंडं मात्र पुढं निघून गेली. इंग्रजीतल्या जी-एचची गोष्ट नेमकी हीच आहे.

हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज रात्रीला ‘नाइट’ म्हणत नव्हता. तो ‘निख्त’सारखं काहीतरी म्हणायचा. त्यातला ख घशातून खरवडून काढलेला, बडनेऱ्याचा एखादा उर्दू बोलणारा माणूस ‘ख़बर’ म्हणताना काढतो तसा. जर्मन माणूस आजही रात्रीला ‘नाख्ट’, आठला ‘आख्ट’ आणि मुलीला ‘टॉख्टर’ म्हणतो. १०६६ साली फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर फ्रेंच वळणाचे लेखनिक आले आणि हा घशातला आवाज जी-एच अशा दोन अक्षरांनी लिहिण्याची रीत पडत गेली. पुढं विल्यम कॅक्सटननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाई वाढली तशी स्पेलिंगं एका जागी बसू लागली. आवाज मात्र लोकांच्या तोंडून हळूहळू गळतच होता. तो गेला आणि त्याची अक्षरं कागदावर राहिली.

आपल्याकडेही आवाज गळाले. संस्कृतातल्या ‘दुग्ध’मधला ग गेला आणि ‘दूध’ झालं. ‘सप्त’चा प जाऊन सात, ‘अष्ट’चा ष जाऊन आठ. पण आपण बोलणं बदललं तसं लिहिणंही बदललं. इंग्रजांनी बोलणं बदलू दिलं आणि लिहिणं तसंच ठेवलं. तिच्या बाबांना एवढं सांगा, त्यांचा अर्धा राग जाईल.

उरलेला अर्धा घालवायचा असेल तर हे ऐका. इंग्रजी आणि संस्कृत या फार जुन्या काळच्या भाऊबंदकीतल्या भाषा आहेत. म्हणून इंग्रजीत जिथं आज मुकं जी-एच दिसतं, तिथं संस्कृत शब्दात पुष्कळदा एक बोलकं व्यंजन सापडतं. ‘नाइट’ म्हणजे रात्र, संस्कृतात ‘नक्त’. आजीला नक्ताचा उपास माहीत असेल, दिवसभर उपाशी राहून रात्री जेवायचं. त्यातला क तो इंग्रजीतला जी-एच. ‘एट’ म्हणजे आठ, तो अष्ट. ‘डॉटर’ म्हणजे मुलगी, ती दुहिता. ‘लाइट’चा एक अर्थ हलका, तो लघु. ‘राइट’ म्हणजे बरोबर, मुळात सरळ, तो ऋजु. हे पाच शब्द मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगायचो. मागच्या बाकावरची पोरंही मग कान द्यायची. आपलंच काहीतरी तिकडं गेलंय असं त्यांना वाटायचं. ते तितकं खरं नाही, दोघं एका आज्याचे नातू आहेत. पण मी त्यांना फार टोकत नसे.

आता यादीचं पाहू. चाळीस शब्द ए पासून झेड पर्यंत मांडले की ते आठवडी बाजारासारखे होतात, सगळे दिसतात आणि ओळखीचं कोणी नाही. पोरीला सांगा, यादी बाजूला ठेव आणि शब्द घरवार वाटून घे. घर ठरवायचं ते जी-एच शब्दात कुठं बसलंय आणि तोंडात त्याचं काय होतं यावरून.

शब्दाच्या सुरुवातीला जी-एच असेल तर सरळ ‘ग’ म्हणायचं. घोस्ट लिहिलेलं गोस्ट, म्हणजे भूत. ‘गी’ म्हणजे तूप, आपलंच घी तिकडं गेलेलं. इथं मात्र आपल्या पोरांची एक गंमत होते. मेळघाट, हिंगणघाट, घाटंजी ही नावं इंग्रजीत लिहिताना जी-एच म्हणजे चक्क घ असतो. त्यामुळं आपलं लेकरू ‘नाइट’चं स्पेलिंग पाहून ‘निघ्ट’ वाचतं. हसू नका, त्यानं नियम बरोबरच लावला आहे, फक्त शब्द परका होता. आपल्या गावांची नावं इंग्रजीत लिहितो तेव्हा जी-एच म्हणजे घ, आणि अस्सल इंग्रजी शब्दात घ कधीच नाही, एवढं एकदा सांगून ठेवा.

दुसरं घर मोठं आणि सोपं आहे. आय-जी-एच एकत्र आले की ‘आय’ म्हणायचं आणि जी-एच गिळायचं. नाइट रात्र, लाइट उजेड, फाइट भांडण, टाइट घट्ट, ब्राइट लख्ख, फ्राइट भीती, स्लाइट किंचित, हाय उंच, साय सुस्कारा, थाय मांडी. यात पाठ करायला काही नाही, एकाचं स्पेलिंग आलं की पहिलं अक्षर बदलत जायचं. हायवेच्या पाटीवरही हेच घर आहे. याच घरात ‘नाइट’ नावाचा दुसरा शब्द राहतो, त्याच्या आधी एक मुका के आहे. अर्थ सरदार, घोडेस्वार योद्धा. बुद्धिबळातल्या घोड्याला इंग्रजीत हेच म्हणतात. सहा अक्षरं लिहायची आणि तीनच आवाज काढायचे. पूर्वी यातली सगळी अक्षरं बोलत, ‘क्निख्त’.

तिसरं घर ई-आय-जी-एच. यात तोंडातून ‘ए’ निघतो. एट आठ, वे वजन करणे, वेट वजन, फ्रेट मालाचं भाडं किंवा मालवाहतूक, ने म्हणजे घोड्याचं खिंकाळणं, नेबर शेजारी. या शेजाऱ्यापाशी जरा थांबतो. शब्दाचा पहिला तुकडा म्हणजे जवळ आणि दुसऱ्या तुकड्याचा जुना अर्थ वस्ती करून राहणारा, कास्तकार. म्हणजे शेजारी तो, ज्याचा बांध आपल्या बांधाला लागतो. भांडणही त्याच्याशीच होतं, ते वेगळं. या घरात ‘हाइट’ म्हणजे उंची हा एकटा वाकडा वागतो, स्पेलिंग वेटसारखं आणि उच्चार नाइटसारखा. ‘हाय’पासून तो झाला आहे, म्हणून बापाचा आवाज सोडत नाही असं मी पोरांना सांगायचो.

वजनाच्या शब्दासाठी एक घरचा अभ्यास देतो. जिनिंगच्या रस्त्यानं जाताना वजनकाट्यांच्या पाट्या वाचायला लावा. ‘वे ब्रिज’मधला वे वजनाचा, त्यात ई-आय-जी-एच हवं. मी पाहिलेल्या कित्येक पाट्यांवर रस्त्याचा ‘वे’ रंगवलेला आहे, डब्ल्यू-ए-वाय. पोरगी अशी एक चूक स्वतः पकडेल तर तो शब्द जन्मात विसरणार नाही. फक्त काट्यावाल्याला जाऊन सांगू नका म्हणावं, निदान आपली कपाशी मोजून होईपर्यंत.

चौथं घर मला सगळ्यात आवडतं आणि तिथं बहुतेक मास्तर नुसते अर्थ सांगून पुढं जातात. बॉट विकत घेतलं, ब्रॉट आणलं, थॉट विचार केला, फॉट लढला, सॉट शोधलं. ही ओ-यू-जी-एच-टी वाली. टॉट शिकवलं आणि कॉट पकडलं, ही ए-यू-जी-एच-टी वाली. सगळे ‘ऑट’ म्हणायचे आणि सगळी भूतकाळाची रूपं आहेत. बाय, ब्रिंग, थिंक, फाइट, सीक, टीच, कॅच या क्रियापदांची. ओ कुठं आणि ए कुठं, हा घोळ सगळ्यांचा होतो. माझी युक्ती अशी. ‘टीच’ आणि ‘कॅच’ या दोघांत मुळातच ए आहे, म्हणून त्यांच्या भूतकाळातही ए. बाकीच्या पाचांत ए नाही, त्यांना ओ. एवढं कळलं की सात शब्द स्पेलिंगसकट झाले.

याच अक्षरांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. क्रियापदाला शेवटी टी लागतो, मागं जी-एच येतं आणि नाम तयार होतं. वे पासून वेट, वजन. फ्लाय पासून फ्लाइट, उड्डाण. सी पासून साइट, दृष्टी. थिंक पासून थॉट, विचार. मे पासून माइट, सामर्थ्य. आपल्याकडे शक् पासून शक्ती, मन् पासून मती, दृश् पासून दृष्टी होते तसंच. सातवीच्या मुलीला संस्कृताची धातुरूपं नकोत, पण ‘शक्ती-मती-दृष्टी’ तिला कळतं. तिला सांगा, आपण ‘ती’ लावतो, ते ‘जी-एच-टी’ लावतात.

‘डॉटर’च्या शेजारी ‘स्लॉटर’ म्हणजे कत्तल आहे. त्याचं पहिलं एस झाका, खाली उरतं ते ‘लाफ्टर’, हसू. अक्षरं तीच आणि उच्चार निराळा. हे फळ्यावर करून दाखवलं की वर्ग एकदम गप्प व्हायचा. ‘नॉटी’ म्हणजे खोडकर. तो ‘नॉट’ म्हणजे शून्य, काहीच नाही, यापासून आला. आधी अर्थ होता ज्याच्याजवळ काही नाही असा, मग वाईट, आणि आता नुसता खोडकर.

हसण्यावरून पाचवं घर, फ-वाल्यांचं. काही शब्दांत घशातला तो आवाज गळून न जाता ओठांवर आला आणि फ झाला. लाफ हसणे, कॉफ खोकला, रफ खडबडीत, टफ चिवट किंवा कठीण, इनफ पुरे, ट्रफ. नेहमी लागणारे एवढेच सहा, आणि फक्त हेच सहा पाठ करायला सांगा. ट्रफ म्हणजे गोठ्यातली ढोरांची डोणी किंवा गव्हाण. पावसाळ्यात हवामानाच्या बातम्यांत ‘कमी दाबाचा पट्टा’ ऐकता ना, त्यालाही इंग्रजीत ट्रफच म्हणतात, आकार लांबट, मधे खोलगट, डोणीसारखा. आणि कफ सिरपचा ‘कफ’ आपला नव्हे बरं का. आपला कफ संस्कृतातला, छातीत साचतो तो. इंग्रजीतला शब्द खोकण्याच्या आवाजावरून झालेला. दोघं एकाच बाटलीवर भेटले, एवढंच.

राहिले ओ-यू-जी-एचचे बेवारस. यांना नियम लावायला जाऊ नका, डोकं उठेल. दो म्हणजे जरी, ऑल्दो म्हणजे जरी... तरी, डो कणकेचा गोळा, थ्रू मधून, थरो संपूर्ण किंवा बारकाईचा, बाउ झाडाची फांदी, प्लाउ नांगर, ड्राउट दुष्काळ. वर्तमानपत्रात कैद्याला ‘फर्लो’ मिळाली असं वाचता, ती संचित रजाही इंग्रजीत याच अक्षरांनी संपते. एकेका शब्दाचं एकेक वाक्य करा आणि ते आपल्या वावरातलं करा. नांगराचं वाक्य कास्तकाराच्या पोरीला कोणी शिकवायला नको.

दुष्काळाच्या शब्दानं माझी एकदा पुरती फजिती केली होती. नोकरी नवी होती आणि गावात इंग्रजी येणारा मी एकटा. पाऊस गेला होता. गावकऱ्यांनी माझ्याकडून सारामाफीचा अर्ज इंग्रजीत लिहून घेतला, साहेबावर वजन पडावं म्हणून. मी ‘ड्राउट’ लिहायच्या जागी ‘ड्राफ्ट’ लिहिलं, ते ए-यू-जी-एच-टी वालं. त्याचा अर्थ वाऱ्याची झुळूक, किंवा ओढणं. म्हणजे आमच्या गावावर वाऱ्याची भयंकर झुळूक आली असून सरकारनं मदत करावी, असा तो अर्ज झाला. कचेरीतल्या बाबूनं तो मोठ्यानं वाचला. सोबत आलेल्या पाटलाला काही समजलं नाही, पण बाबू हसला म्हणून तोही हसला. तेव्हापासून मी हे दोन शब्द कधी चुकलो नाही. ‘ड्राय’ म्हणजे कोरडा, त्यापासून ड्राउट, त्यात ओ. ‘ड्रॉ’ म्हणजे ओढणे, त्यात ए, म्हणून ड्राफ्टमध्येही ए. ओढकामाच्या बैलांना ‘ड्राफ्ट’वालेच म्हणतात.

आता तिच्या बाबांना खूश करणारी एक गोष्ट. काही ठिकाणी जी-एच खरंच उगाच घुसवलेलं आहे. ‘डिलाइट’ म्हणजे आनंद हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात जी-एच नव्हतंच. ‘लाइट’सारखा दिसतो म्हणून लोकांनी तसा लिहायला घेतला. ‘हॉटी’ म्हणजे गर्विष्ठ, तोही फ्रेंच आणि त्याचंही तसंच. ‘गोस्ट’मधला एच तर कॅक्सटनच्या छापखान्यातल्या, बेल्जियमकडच्या भाषेची सवय असलेल्या हातांनी घातला असं मानतात. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला मुका बीसुद्धा मागून आणलेला. फ्रेंचमध्ये तो नव्हता, पण लॅटिन मुळात आहे म्हणून विद्वानांनी चिकटवला. पासबुकात ‘डेबिट’ छापलेलं असतं, त्यात तो बी बोलतोही. पोरीला पासबुक उघडून दाखवा. कर्जाचं स्पेलिंग आपल्या घरात आधीच छापून ठेवलेलं आहे.

घोकण्याबद्दल सांगतो. रात्री चाळीस नको. एका दिवशी एक घर आणि त्यातले सहा-सात शब्द. मोठ्यानं वाचताना दोन वेळा वाचायचे, एकदा आजच्या उच्चारानं आणि एकदा जुन्या, सगळी अक्षरं बोलून. ‘नाइट’, मग ‘निख्ट’. ‘डॉटर’, मग ‘डौख्टर’. पोरांना यात भारी मजा येते आणि लिहिताना हात आपोआप जी-एचपाशी थांबतो. बुधवारचं स्पेलिंग आपण ‘वेड-नेस-डे’ म्हणून पाठ केलं होतं ना, तीच ही युक्ती. दुसऱ्या दिवशी नवं घर घेण्याआधी कालचे शब्द तुम्ही मराठीत विचारा, तिनं इंग्रजीत लिहावेत. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालतं. “मांडी?” एवढंच म्हणायचं आणि वहीत ताडून पाहायचं. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका. हात दुखतो आणि डोकं दुसरीकडं जातं. तो चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी तीन दिवसांनी परत काढा.

हीच रीत पुढं के-एनच्या शब्दांना लावता येते. नी गुडघा, नाइफ सुरी, नॉट गाठ, नॉक ठोठावणे, नो जाणणे. नी म्हणजे संस्कृतातला जानु, आणि नो म्हणजे ज्ञा, आपलं जाणणं. म्हणजे मघाच्या त्या ‘ज्ञ’चाच हा मुका भाऊ. डब्ल्यू-आरच्या शब्दांत बऱ्याच ठिकाणी पिळ्याचा अर्थ आहे. रिंग म्हणजे कपडे पिळणे, रिस्ट मनगट, रेंच मेकॅनिकचा पाना, रिंकल सुरकुती. रॉंग म्हणजे चूक, तोही मुळात वाकडा. मग ऋजु तो राइट आणि वाकडा तो रॉंग, हे तिला आपसूक कळेल. ‘राइट’ म्हणजे लिहिणे मात्र या पिळ्यात येत नाही, त्याचा मूळ अर्थ ओरखडणं.

एक शेवटची सूचना, कारण ही चूक हल्ली मोबाइलवरून येते. तिथं ‘थ्रू’ चार अक्षरांत, टी-एच-आर-यू, आणि ‘नाइट’ एन-आय-टी-ई असं सर्रास लिहितात. अमेरिकेत नांगराचं स्पेलिंगही जी-एच काढून, शेवटी डब्ल्यू लावून करतात आणि तिथं ते अगदी बरोबर धरलं जातं. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची आहेत. तेव्हा मैत्रिणीला मेसेज करताना तिनं काय वाटेल ते लिहावं, पण उत्तरपत्रिकेत नांगराला जी-एच जोडावंच लागेल.